डोंगरावरचा अर्धा शब्द

खूप खूप मागची गोष्ट आहे. एका राज्यात समुद्राकाठी मिठागरांचं एक गाव होतं आणि तिथून लांब, डोंगरावर, एक वैद्यशाळा होती. त्या शाळेत शिकलेल्या वैद्याला राज्यभर मान असे. पावसाळा सरला की शिकू इच्छिणारी मुलंमुली डोंगर चढून जात. आचार्य त्यांच्याशी बोलत, त्यांना रोग्यांजवळ बसवत आणि मग घरी पाठवून देत. निवड कोणाची झाली ते मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला शाळेचे निरोपे गावोगाव जाऊन सांगत. तोवर कोणी काही विचारायचं नाही आणि आचार्यांनीही काही बोलायचं नाही, असा तिथला नियम होता.

मिठागरांच्या गावात तुंगा नावाची मुलगी राहत होती. तिची धाकटी बहीण तापाने गेली, तेव्हा गावात नाडी पाहणारंही कोणी नव्हतं. त्या दिवसापासून वैद्य व्हायचं हे तिने मनाशी धरलं होतं. त्या वर्षी तीही डोंगरावर गेली.

शाळेत भार्गवीबाई नावाच्या आचार्या होत्या. त्यांनी तुंगाला औषधी झाडांची बाग दाखवली, तिच्याकडून एका म्हाताऱ्याची जखम धुवून घेतली. तुंगाचा हात हलका होता. बाईंना ती आवडली. निघताना मात्र निवड होईल की नाही या काळजीने तुंगाचा चेहरा उतरलेला होता. ते पाहून बाई म्हणाल्या, "पुढच्या खेपेला जाड घोंगडी घेऊन ये. इथली थंडी तुम्हा समुद्राकडच्या माणसांना सोसत नाही."

एवढंच त्या बोलल्या. पण तुंगा डोंगर उतरली ती जवळजवळ धावतच.

घरी आल्यावर तिने आईला बाईंचे शब्द जसेच्या तसे सांगितले. शेजारणीला सांगताना ती म्हणाली, "बाईंनी मला परत बोलावलंय." शेजारणीने विहिरीवर सांगितलं, "तुंगाची निवड झाली." संध्याकाळी तेच वाक्य तुंगाच्या कानावर आलं. तिने ते दुरुस्त केलं नाही. ऐकायला फार गोड वाटत होतं. तिच्या वडिलांनी धनगराकडून एक चांगली घोंगडीही आणली.

याच सुमारास बंदरावरून निरोप आला. तिथे नागोजी वैद्य राहत. माणूस बोलायला फटकळ, पण हाताला गुण होता. ते दर वर्षी एकच शिष्य घेत. डोंगरावर जाण्याआधी तुंगा त्यांनाही भेटून आली होती. निरोप सरळ होता: "तुला घेतो. अमावास्येच्या आत ये. नाही आलीस तर जागा दुसऱ्याला देईन."

अमावास्या पौर्णिमेच्या आधी येत होती.

आई म्हणाली, "तुंगे, बंदरावर जा. त्या बाई घोंगडीचं बोलल्या. तुला घेतलं, असं म्हणाल्या का?"

"आई, जिला घ्यायचं नाही तिला घोंगडी आणायला कोण सांगेल?"

"ते मला नाही सांगता येत. पण हे वैद्य 'घेतो' म्हणतायत, ते मला कळतंय."

तुंगाने ऐकलं नाही. तिने बंदरावर नकार कळवला.

पौर्णिमेला निरोप्या आला. पारावर सगळं गाव जमलं होतं. तुंगाच्या काकूने तोंड गोड करायला हातात साखरेची वाटी धरली होती. निरोप्याने पाणी मागितलं, प्यायला आणि म्हणाला, "तुंगाची निवड झालेली नाही." मग तो पुढच्या गावाला निघून गेला. काकूने वाटी पदराखाली घेतली. लोक एकेक करून पारावरून उठून गेले, आणि तुंगाला तेच सोसवेना.

ती पुन्हा डोंगर चढून गेली. भार्गवीबाई बागेत होत्या. तिला पाहताच त्यांनी हातातलं रोप खाली ठेवलं.

"बाई, तुम्ही घोंगडीचं बोलला होतात. ते काय म्हणून?"

बाई म्हणाल्या, "माझ्या मनाने तुला घेतलं होतं, पोरी. पण निवड आम्ही सगळे मिळून करतो. बाकीच्यांना दुसरी मुलं जास्त योग्य वाटली."

"मग बोललात कशाला?"

"तुझा चेहरा उतरला होता. तुला बरं वाटावं म्हणून."

"बरं वाटलं," तुंगा म्हणाली. "इतकं बरं वाटलं, की नागोजी वैद्य घेत होते आणि मी त्यांना नाही म्हणून बसले."

हे बाईंना ठाऊक नव्हतं. त्या तिथेच बांधावर बसल्या. थोड्या वेळाने तुंगाही शेजारी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "सगळी चूक तुमची नाही. तुम्ही बोललात त्याहून जास्त मीच ऐकलं."

त्याच दिवशी भार्गवीबाईंनी इतर आचार्यांसमोर जाऊन आपण नियम मोडल्याचं सांगितलं. निवड काही बदलली नाही. तुंगाला आत घ्यायचं तर निवड झालेल्या कोणाला तरी बाहेर काढावं लागलं असतं, आणि ते न्यायाचं नव्हतं. बाईंना मात्र निवडीच्या बैठकीतून कायमचं उठावं लागलं.

मग त्या तुंगाबरोबर बंदरावर गेल्या. नागोजी वैद्य खलात औषध घोटत होते. बाईंनी घडलं ते सगळं सांगितलं.

"जागा भरली," वैद्य म्हणाले. "आत मुलगा बसलाय. त्याला मी शब्द दिलाय."

"मग पुढच्या वर्षी तरी हिला घ्याल?"

"पुढच्या वर्षी कोण कोण येईल ते मला आज काय माहीत? घेईन असं मी म्हणणार नाही." त्यांनी तुंगाकडे पाहिलं. "तू आलीस तर तुझी परीक्षा घेईन. एवढं नक्की."

बाईंना ते बोलणं कठोर वाटलं. तुंगाला नाही वाटलं. हाती थोडंच आलं होतं, पण जे आलं होतं ते खरं होतं आणि ते धरून चालता येण्याजोगं होतं.

वर्षभर ती वडिलांबरोबर मिठागरावर राबली. मिठाने चिरलेले कामकऱ्यांचे पाय ती धुवायची, त्यांना तेल लावायची. कोणत्या पायाला काय मानवतं, ते लक्षात ठेवायची. कोणी विचारलं, "या खेपेला घेतील ना गं?" की ती म्हणायची, "माहीत नाही. परीक्षा आहे." शेजारीण यात काही भर घालू लागली, तर तुंगा तिला तिथेच थांबवायची.

पुढच्या वर्षी नागोजींनी तिची परीक्षा घेतली. सकाळपासून दुपारपर्यंत तिला रोग्यांमध्ये बसवलं, उलटसुलट प्रश्न विचारले आणि चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. शेवटी हात पुसत म्हणाले, "उद्यापासून ये." तेव्हा कुठे तुंगाने आईला निरोप धाडला. पुढे ती मिठागरांच्या गावची पहिली वैद्य झाली.

भार्गवीबाई शाळेत शिकवत राहिल्या. दर वर्षी घरी निघालेल्या मुलांमध्ये एखादा उतरलेला चेहरा त्यांना दिसे आणि बोलावंसं वाटे. त्या गप्प राहत. ते गप्प राहणं त्यांना बोलण्यापेक्षा जड जाई, पण त्या राहत.

म्हणून, बाळांनो आणि मोठ्यांनो, पुरा देता येत नसेल तो शब्द अर्धा देऊ नये, आणि अर्ध्या शब्दाच्या भरवशावर हातातलं पुरं सोडू नये.