महाराजांची टेप आणि ठकूचा पाट

ही गोष्ट अगदी शंभर टक्के खरी आहे, आईशप्पथ! मी स्वतः तिथे उभा होतो. म्हणजे, उभा नव्हतो. तेव्हा माझा जन्मच व्हायचा होता. पण त्यानं काय बिघडतं?

तर चिंचणगड संस्थानच्या महाराजांची मोटार थरथरायला लागली. थरथरायला म्हणजे किती? भर चौकात, अख्ख्या गावादेखत, महाराजांची पगडी उडाली ती थेट भज्यांच्या कढईच्या काठावर!

मोटारखान्यानं सांगितलं, "इंजिनाच्या जड चाकाचं भोक बरोबर मधोमध नाही. चाक एकीकडे झुकतं, म्हणून गाडी हिसके देते."

भोक पाडलं होतं गावच्या लोहारानं, यमाजी पांचाळानं. झालं! यमाजीची रवानगी हत्तीखान्यात, हत्तीचं शेण उचलायला. आणि महाराजांनी दवंडी पिटवली, "मोजमापानं आमची पगडी पाडली! आजपासून संस्थानात मोजणं बंद! नवं चाक ओतून तयार आहे. त्याचा मध्य जो न मोजता काढेल, त्यानं पुढं यावं. टेप नाही, दोरी नाही, वीतसुद्धा लावायची नाही. दसऱ्याला सीमोल्लंघन मोटारीतूनच होणार. नाही झालं, तर यमाजी जन्मभर हत्तीखान्यात!"

यमाजीची मुलगी ठकू. भात्यापुढं वाढलेली, बोलायला तिखट. तिनं पदर खोचला आणि थेट वाड्यावर आली.

"काय गं पोरी, तू काढणार मध्य?" महाराज हसले. "न मोजता?"

"न मोजता. आणि काढला, तर बाबा सुटायला हवेत."

"आधी काढ, मग बोल!"

दिवस नवरात्राचे. अशा दिवसांत दारी आलेल्या मुलीला पाटावर बसवून हळदकुंकू लावल्याखेरीज सोडायचं नाही, हा वाड्याचा रिवाज. राणीसाहेबांनी पाट मांडला. ठकूनं कुंकू लावून घेतलं आणि उठताना पाटच उचलला!

"अगं, पाट कुठं नेतेस?" राणीसाहेब ओरडल्या.

"मला बसवलंत, आता त्याला जरा कामाला लावते!"

चाक अंगणात आडवं पडलं होतं, चांगलं परातीएवढं. ठकूनं पाट त्याच्यावर ठेवला, एक कोपरा चाकाच्या काठाला नेमका टेकवून. त्या कोपऱ्यापासून निघणाऱ्या पाटाच्या दोन बाजू चाकाचा काठ जिथं जिथं ओलांडत होत्या, तिथं तिनं खडूनं खुणा केल्या. मग पाटाचीच कड लावून त्या दोन खुणा जोडल्या. चाकावर आरपार एक रेघ उमटली. पाट फिरवला, कोपरा दुसऱ्या जागी टेकवला, पुन्हा दोन खुणा, पुन्हा रेघ. दोन रेघांची फुली झाली.

"हा घ्या मध्य!"

"कशावरून?" महाराज गुरगुरले. "तू म्हणतेस म्हणून?"

"मग तुम्ही करा. कोपरा कुठं टेकवायचा ते तुम्हीच ठरवा."

महाराज मांडी मोडून खाली बसले. मुद्दाम भलत्याच जागी कोपरा टेकवला, जीभ बाहेर काढून रेघ ओढली. रेघ मुकाट्यानं फुलीतून निघून गेली! त्यांनी आणखी एक ओढली. तीही तिथूनच!

"ही काय जादू?"

"जादू नाही, महाराज, काटकोन! गोल वस्तूच्या काठाला काटकोन टेकवला, की त्याचे दोन पाय काठ जिथं ओलांडतात, त्या दोन खुणांमधली रेघ गोलाचे बरोबर दोन अर्धे करते. पाट काटकोनात आहे, म्हणून तर तो डुगडुगत्या मोटारीपेक्षा बरा!"

महाराजांना हरायची सवय नव्हती. "मध्य सापडला खरा. पण म्हणजे तुझा बाप गाढवच ठरला! त्याच्या हातात टेप होती, तरी चुकला. राहू दे हत्तीखान्यात!"

ठकूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण ते गालावर ओघळायच्या आत तिनं विचारलं, "टेप कुणाची होती?"

"आमची! शाही शिंप्याची. वाड्याच्या प्रत्येक कामाला तीच. टेपचं टोक शिंपी धरतो, दुसऱ्या कुणी त्या टोकाला हात लावायचा नाही."

"आमच्या भट्टीतलं चाक सोळा इंची. तुमच्या टेपनं ते चौदा भरलं. बाबा म्हणाले, महाराजांच्या टेपशी कोण भांडणार? आणा ती टेप!"

टेप आली. पाठोपाठ घाम पुसत शिंपीही आला. ठकूनं टोक उलगडलं. एकच्या खुणेआधी कोऱ्या कापडाचं दोन इंची ठिगळ, कसं नजाकतीनं शिवलेलं!

"बघा! चौदाचे अर्धे सात. काठापासून सात मोजले, तर ठिगळाचे दोन धरून खरे झाले नऊ. मध्य होता आठावर. भोक एक इंच सरकलं. बाबांचा हिशेब बरोबर, टेप लबाड!"

महाराज शिंप्यावर कडाडले, "हरामखोरा! ठिगळ कशाला लावलंस?"

शिंपी ठकूकडं बघू लागला. ठकू गोड हसली.

"त्याला कशाला विचारता, महाराज? या टेपनं वाड्यात आणखी काय मोजतात, ते आठवा. गेल्या दिवाळीपासून कोणाची कंबर वाढलीच नाही?"

महाराजांनी हळूच खाली बघितलं. पोट होतं. भरपूर होतं. बंडीची गुंडी जीव मुठीत धरून होती.

आणि महाराज फुटले! असे हसले, असे हसले, की मोटारसुद्धा कधी तेवढी हलली नव्हती. "अरे, मी रोज राणीसाहेबांना सांगतो, बघा, आहे तस्सा आहे!"

"आम्ही बघतच होतो," राणीसाहेब म्हणाल्या.

यमाजी सुटला आणि मोटारखान्याचा मुख्य मिस्त्री झाला. ठकूला चांदीचा पाट मिळाला आणि दसऱ्याला मोटारीत पुढची जागा. शिंप्यालाही महाराजांनी ठेवून घेतलं, म्हणाले, "मापं खरी घे, पण आकडा माझ्या कानातच सांग!"

आता कबूल करतो. पाटाचं अक्षर न् अक्षर खरं. घरची परात उपडी घाला आणि करून बघा. हत्ती मात्र मी घातला. चिंचणगडला हत्ती कुठून परवडणार? यमाजीला कोंडलं होतं कोंबड्यांच्या खुराड्यात. पण ठकूसारख्या पोरीच्या बापाला खुराड्यात बसवायला माझी जीभ रेटेना!