टेकडीवरून मागे फिरताना

एकदा एक वृद्ध आचार्य आपल्या शिष्याला बरोबर घेऊन धनगरांच्या वाड्याला भेटायला निघाले. वाडा म्हटल्यावर चिरेबंदी भिंती आणि दिंडीदरवाजा डोळ्यांपुढे आणू नका. मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडणाऱ्या या मंडळींच्या मुक्कामालाही वाडाच म्हणतात, आणि त्याला भिंत एकही नसते. घोड्यांच्या पाठीवरून उतरवलेलं बिऱ्हाड, तीन दगडांची चूल, मेंढरांभोवती लावलेलं जाळं आणि राखणीला कुत्री, एवढा तो संसार. दिवाळी सरली की आमच्या माळावरून असे वाडे घाटाखाली जायला निघत. घोड्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजू लागल्या की घराघरांतून माणसं बाहेर येऊन उभी राहत. आता तो आवाज क्वचितच कानी पडतो.

या वाड्याचा कारभारी धुळाबा. आचार्यांची आणि त्याची मैत्री दोघांच्या मिशा काळ्या होत्या तेव्हापासूनची. दरवर्षी वाडा घाटाच्या पायथ्याशी उतरला की आचार्य तिथे जात, एक मुक्काम करत आणि परत फिरत. वाटभर ते शिष्याला बजावत होते, "कळपाच्या मधून जायचं नाही, वळसा घालायचा. कोकरू कितीही गोजिरवाणं दिसलं तरी विचारल्याशिवाय उचलायचं नाही. आणि बिऱ्हाडापासून लांब उभं राहायचं. घराला दार नाही म्हणजे ते उघडं आहे असं नव्हे. हाक आली की मगच पुढे व्हायचं."

शिष्य ऐकत होता, पण त्याचं लक्ष गुरूंच्या चेहऱ्याकडे होतं. इतके हरखलेले त्याने त्यांना कधी पाहिले नव्हते. गुडघे कुरकुरत होते, चढावर धाप लागत होती. पुढच्या वर्षी हे पाय इथवर आणतील याची आचार्यांना स्वतःलाही खात्री नव्हती. म्हणून तर धुळाबाला एकदा डोळे भरून पाहायचं होतं.

वाटेतल्या बाजाराच्या गावी लोकरीचा एक व्यापारी भेटला. बोलता बोलता म्हणाला, "धुळाबाकडे निघालात? यंदा वाईट झालं बघा त्याचं. रोग आला आणि निम्मी मेंढरं गेली." आचार्यांची चाल तिथून मंदावली.

शेवटची टेकडी चढून दोघे वर आले. खाली चुलीचा धूर दिसत होता. धुळाबाची बायको हौसाबाई भाकरी थापत होती. पलीकडे घोंगडीवर कुणीतरी आडवं होतं. कुत्री मात्र उठून टेकडीकडे पाहू लागली. आचार्य एका झुडपाआड बसले. बराच वेळ त्या धुराकडे पाहत राहिले, उपरण्याने डोळे टिपले, वाड्याच्या दिशेने हात जोडले आणि उठून म्हणाले, "चल, मागे फिरू."

शिष्य चक्रावला. "गुरुजी, एवढी पायपीट केली ती लांबून धूर बघायला?"

आचार्य उतरणीला लागले होते. चालता चालताच म्हणाले, "मी मांसाहार करत नाही. म्हणून मी आलो की धुळाबा गुपचूप एक कोकरू गावात विकतो आणि तांदूळ, गूळ, तूप आणतो. 'नको' म्हटलं तर त्याला अपमान वाटतो. यंदा त्याच्याकडे उरलंय काय? यजमानाची ऐपत जाणून जो दारातून परततो, तोच खरा पाहुणा. भेटीची ओढ मला आहे, तिची किंमत त्याने का द्यावी?"

शिष्य भारावून गेला. हे वचन जन्मभर जपायचं, असं त्याने तिथल्या तिथे ठरवूनही टाकलं. तेवढ्यात मागून दगड घरंगळले. पदर खोचून, हात पिठाने भरलेले तसेच ठेवून, हौसाबाई टेकडी चढून आली होती.

"म्हाराज, वाट चुकलासा का?"

आचार्यांना खोटं बोलता येईना. "नाही हौसाबाई."

"कुत्री टेकडाकडं बगून शेपट्या हालवाय लागली, भुकली न्हाईत. तवाच वळकलं मी. मेंढरं गेल्यापासनं म्हातारं घोंगडीवरनं उठत न्हाई, कुनाशी बोलत न्हाई. कुत्र्यांस्नी बगून उठून बसलं. आन् तुमी पाठ फिरवलीसा. आता मी जाऊन त्येला काय सांगू?"

"तुमच्यावर भार नको, असं वाटलं," आचार्य कसेबसे म्हणाले.

"कोकरू इकतील म्हनून भ्यालासा व्हय?" हौसाबाई दगडावर टेकली. तिचा राग ओसरला होता. "यंदा न्हाई इकनार. यंदा भाकरी आन् ठेचा हाय. परक्या पावन्याला आसं सांगता येत न्हाई, म्हनून त्येला गोडधोड करावं लागतं. आपल्या मानसाला 'यंदा काय न्हाई बाबा' म्हनून सांगता येतं. येवढं सांगाय तर आपलं मानूस लागतंय. तुमी न इचारताच ठरवून मोकळं झालासा."

आचार्यांनी मान खाली घातली. मग तिच्या मागोमाग खाली उतरले. कळपाला वळसा घातला आणि बिऱ्हाडापासून लांब थांबले. धुळाबाने हाक मारली नाही. त्याने घोंगडीवर सरकून शेजारी जागा केली.

त्या दिवशी आचार्यांनी उपदेशाचा एक शब्दही उच्चारला नाही. धुळाबा बोलत होता आणि ते ऐकत होते. कोणती मेंढी आधी बसली, कोणती उठता उठता पडली, काळ्या तोंडाची पिलाला पाजता पाजता कशी गेली, सगळं त्याने सांगितलं. मध्येच तो लहान मुलासारखा रडला आणि आचार्यही रडले. दिवस कलता कलता धुळाबाने भाकरी मागितली. हौसाबाईने तोंड फिरवून तवा चुलीवर ठेवला. शिष्याने तो ठेचा खाल्ला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते कशाचं हे त्याला कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी परतताना त्याने भीत भीत विचारलं, "गुरुजी, टेकडीवर आपण एक सांगितलंत, हौसाबाईंनी दुसरंच. मी काय लक्षात ठेवू?"

"तिचं," आचार्य म्हणाले. "त्याला काय झेपेल हे मी परस्पर ठरवून टाकलं, आणि त्यालाच आदर समजलो. माझ्या त्या शिकवणीत मोठा मी एकटाच होतो रे."

आचार्यांचे गुडघे दुखत होते. "हात देऊ का?" शिष्याने विचारलं. त्यांनी आधी नको म्हटलं, आणि दोन पावलांनंतर हात पुढे केला.