न घोटलेली पुडी

कुणाच्या पणजोबालाही आठवणार नाही इतक्या जुन्या काळी, एका डोंगराच्या पायथ्याशी एक म्हातारी वैद्यीण औषधं करायला शिकवत असे. शिष्य तिला माई म्हणत.

त्या डोंगरावर एक विषारी मूळ मिळे. कणभर दिलं तर ताप उतरे, थोडं जास्त झालं तर माणूसच जाई. म्हणून माईची पद्धत ठरलेली. आधी मुळाच्या भुकटीइतकीच साखर घालून खलात घोटायचं. मग जेवढं झालं तेवढीच साखर आणखी घालून पुन्हा घोटायचं, असं विष सगळीकडे सारखं मिसळेपर्यंत. हात भरून येत, पण सुटका नसे. शेवटी पुड्या बांधायच्या. परीक्षेला माई त्यातली कुठलीही एक उचलायची आणि स्वतः खायची.

त्या वर्षी सगळ्यांत हुशार शिष्याला राजवैद्याची जागा मिळणार होती. ही परीक्षा तेवढी उरली होती. त्याला घोटायचा कंटाळा आला. त्याने सगळी साखर एकदम ओतली, जरासा बत्ता फिरवला आणि पुड्या बांधल्या. वजनाला सारख्या, दिसायला सुबक. पण कुठल्या पुडीत विष किती गेलं, ते देवालाच ठाऊक.

माईने एक पुडी उचलली. "नीट घोटलंस ना रे?"

"हो, माई."

आता ऐका. सांगताना अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. माईने पुडी उघडून जिभेवर टाकली आणि हा बाबा नुसता बघत उभा राहिला! एवढ्या पुड्यांत नेमकी वाईट हीच कशी निघेल, असं मनाशी म्हणत. अरे, 'थांबा' एवढं म्हणायला काय लागतं? तेवढंही त्याच्या तोंडून निघालं नाही.

माईची जीभ बधिर झाली, ओठ निळे पडले. ती खलाशेजारीच कोसळली. बाकीच्यांनी धावून मिठाचं पाणी पाजलं, ओकवलं.

माई वाचली. तिने डोळे उघडले तेव्हा तो पायाशी रडत होता. "चुकलो, माई. मला पुन्हा घोटायला बसवा."

"घोटणं चुकलंय असं सांगितलं असतंस, तर हात धरून शिकवलं असतं," माई म्हणाली. "पण तुझ्यासमोर मी विष खात होते आणि तू गप्प होतास. ते कसं सुधारायचं, मला ठाऊक नाही, बाळा. तू जा."

तो गेला. राजवैद्याची जागा त्या वर्षी रिकामीच राहिली, आणि त्याच्या हातचं औषध पुढे कुणी घेतलं नाही.

तात्पर्य: चूक वेळेवर सांगणाऱ्याला शिकवता येतं, चूक लपवणाऱ्याच्या हाती कुणाचा जीव देऊ नये.