धावडखिंडीचा बिनछताचा खेळ

धावडखिंडीच्या पायथ्याला, जोखाईच्या देवळासमोर एक लांबरुंद माळ आहे. चैत्रात तिथे देवीची जत्रा भरते आणि जत्रेला एखादी सर्कस येतेच येते. बाहेरगावचा माणूस पहिल्या दिवशी माळावर आला की बुचकळ्यात पडतो. मोठाले खांब उभे असतात, झुले टांगलेले असतात, रिंगणात भुसा पसरलेला असतो, पण वर कापड नसते. तंबूची गुंडाळी बाजूला गवतावर पडलेली असते. एखादा नवा मॅनेजर हुज्जत घालतो, ऊन आहे म्हणतो, वारा आहे म्हणतो, कंपनीचा नियम दाखवतो. गावकरी त्याला चहा पाजतात आणि म्हणतात, कापड उद्या चढवा, आजचा खेळ आभाळाखाली. ज्याला हे पटत नाही त्याने खुशाल पुढच्या गावाची वाट धरावी.

असे का, म्हणून विचारले तर देवळाचा तातोबा गुरव विचारणाऱ्याला पायरीवर बसवून घेतो. घाईतल्या माणसाला तो सांगत नाही. आधी मोबाइल खिशात ठेवायला लावतो. त्याला हे त्याच्या आज्याने सांगितले, आज्याला त्याच्या आज्याने. मधे कुणी पदरचे घातले असेल तर त्याची जबाबदारी आपली नाही, हेही तो सुरुवातीलाच सांगून मोकळा होतो.

संस्थानांच्या काळातली गोष्ट. तेव्हा या मुलखात माळगे सर्कस नावाची कंपनी फिरत असे. कंपनी कसली, एक घरच होते ते. रामलिंग माळगे हा मूळचा कुठल्याशा राजाच्या पागेत घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार. राजाची घोडी राजासमोर अडून बसायची आणि रामलिंगाने शीळ घातली की नाचायची, म्हणून राजाने त्याला हाकलले म्हणे. जाताना त्याने एक लंगडे घोडे मागून घेतले आणि बायकोला, भागीरथीला घेऊन गावोगाव खेळ करू लागला. घोडे मान डोलवायचे, भागीरथी दोरावरून चालायची. पुढे रामलिंग गूळ भरून कोकणात उतरला आणि परतताना गाडीत मोडक्या गलबतांची जुनी शिडे घालून आला. भागीरथीने ती बसून शिवली. तोच माळग्यांचा तंबू. त्याला खाऱ्या मासळीचा वास यायचा आणि घाटावरची पोरेटोरे नाक दाबून आत शिरायची, तरी तो दिसायचा मात्र राजवाड्यासारखा, असे सांगतात.

या घराची एक रीत होती आणि ती रक्त सांडून पडली होती. एका जत्रेत भागीरथीच्या पायाखालचा दोर तुटला. जीव वाचला, पण कंबर कायमची गेली. लोक म्हणाले, दोर वळणाऱ्याला झाडाला बांधून फोडून काढा. रामलिंगाने त्याला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडूनच नवा दोर वळून घेतला आणि खेळाच्या वेळी त्याला सगळ्यांच्या पुढे, रिंगणाच्या काठाला बसवले. वर माणूस आहे, खाली तू आहेस, आता दोघांनी एकमेकांकडे बघा, एवढेच तो म्हणाला. तेव्हापासून माळग्यांच्या खेळात दोर वळणारा पुढे बसल्याशिवाय कुणी वर चढत नसे. त्या जागेला दोरकऱ्याची जागा म्हणत. तिथे सावकार बसला नाही की पाटील बसला नाही.

रामलिंग गेला आणि कंपनी त्याच्या धाकट्या लेकीवर, हौसावर आली. थोरला भाऊ सिद्राम होता, पण तो अंगाने आडदांड आणि बोलण्याचा चोर. झुल्यावर गुडघे अडकवून उलटे लोंबकळायचे आणि समोरून झेप घेणाऱ्या हौसाला हवेत झेलायचे, हे त्याचे काम. बाकी सगळे हौसाने बघायचे. वयाने लहान असूनही कंपनीतली माणसे तिला आक्का म्हणत, सिद्रामसुद्धा. बाईच्या हातात सर्कस कशी चालायची, म्हणून चार शहाणे माना हलवत. आक्का त्यांना पुढच्या वर्षी याच जागी भेटा म्हणून सांगे आणि पुढच्या वर्षी त्याच जागी तंबू ठोके.

एका साली कंपनी धावडखिंडीला आली. पावसाळ्यात भिजून जुने दोर कुजले होते. खिंडीत घायपात उदंड, आणि गावाबाहेरच्या मातंग वस्तीत येसबा नावाचा म्हातारा दोर वळायचा. आसपासच्या साऱ्या विहिरींचे नाडे त्याच्या हातचे. त्याने घायपात भिजवला, झोडपला, पिंजला आणि वस्तीतल्या बायाबापड्यांना हाताशी घेऊन सर्कशीचे सगळे दोर नव्याने वळून दिले. खांब उभे राहिले, शिडांचा तंबू चढला. आणि खेळाच्या आदल्या दिवशी इनामदारांचा शिपाई निरोप घेऊन आला. गावचे इनामदार व्यंकटराव. माळ त्यांचा, पाणवठा त्यांचा, जत्रेचा मानही त्यांचा. निरोप असा की, त्या वस्तीतले कुणी तंबूत दिसता कामा नये. गाव त्यांच्याबरोबर एका छताखाली बसणार नाही.

आक्काने रीत सांगितली. शिपाई हसला आणि म्हणाला, दोर सकाळी तपासून घ्या नि म्हाताऱ्याला घरी धाडा.

हे येसबाच्या कानावर गेले तेव्हा तो स्वतःच चालत आला आणि तंबूपासून चार हात लांब उभा राहिला. "आक्का, माज्यापायी खेळ मोडू नगा," तो म्हणाला. "त्या टेकाडावरनं दिसतंय समदं. मी तिथं बसतो."

"मामा, तुमी टेकाडावर बसलासा तर मी वर कुणाच्या भरवशावर जाऊ?"

म्हाताऱ्याला वाटले ही मान देण्यासाठी बोलते आहे. पण तसे नव्हते. आक्काला खरोखरच भीती वाटत होती. आई पडली तेव्हा ती समोर उभी होती. तो आवाज तिच्या कानातून कधी गेला नव्हता, आणि दर खेळाला झुल्यावर आवळलेली तिची मूठ खाली बसलेल्या दोरकऱ्याकडे बघूनच थोडी सैल व्हायची. ती रीत मोडली तर आपले हात झुल्यावरून सुटणारच नाहीत, हे तिला पक्के ठाऊक होते. आणि नुसत्या भीतीचेही नव्हते ते. ज्याच्या दोराला आपण लोंबकळतो त्याला कुत्र्यासारखे बाहेर ठेवायचे, या विचाराने तिच्या अंगाची लाही लाही होत होती.

ती उठली आणि थेट चावडीवर गेली. इनामदार लोडाला टेकून बसले होते, भोवती गाव होते. तिने वाकून रामराम केला आणि विचारले, "सरकार, अडचण कशाची हाय? माणसांची का छताची?"

व्यंकटराव धूर्त माणूस. माणसांची म्हणावे तर त्यांच्या विहिरीचा नाडा येसबाचा, बैलांची दावी येसबाची, लेकीच्या लग्नातली वाजंत्री त्याच वस्तीतली. भोवतीच्या माणसांना हे सगळे माहीत होते आणि ती कान देऊन ऐकत होती. म्हणून ते शहाणपणाने म्हणाले, "माणसांशी आमचं वाकडं नाही. उघड्यावर कुणी कुठंही बसावं. एका छताखाली बसणं मात्र रीतीत नाही."

"बरं," आक्का म्हणाली आणि माळावर परत आली. येताच तिने आपल्या माणसांना हाक दिली, "कापड उतरवा."

कुणाला काही उमगेना. सिद्रामला उमगले. तो कधी नव्हे तो बोलला, असे सांगतात. "आक्का, खिंडीतनं सांजचं वारं सुटतंय. कनाती न्हाईत, छत न्हाई. खाली जाळं न्हाई. वारं मला झेलता येत न्हाई."

"तू मला झेल. वाऱ्याचं माजं मी बघते."

शिडे खाली आली. इनामदारांना कळले तेव्हा ते आपल्याच शब्दात अडकले होते. भर चावडीत बोललेले गिळता येईना. मग त्यांनी दुसरा डाव टाकला. छत लागत नाही ना, मग ते चावडीत जमा करा, म्हणून शिपाई पाठवले. कंपनीची माणसे काठ्या घेऊन आडवी झाली. भागीरथीच्या हातचे टाके होते त्या कापडावर. आक्काने आपल्या माणसांना मागे सारले आणि शिपायांच्या गाडीत ते कापड चढवायला स्वतः हात लावला. तिचे डोळे भरून आले होते, पण शिपायांना ते दिसू नये म्हणून ती घोड्याचा तंग आवळत बसली.

दुसऱ्या दिवशी उन्हे कलल्यावर खेळ सुरू झाला. बातमी पंचक्रोशीत गेली होती. माळ माणसांनी फुलला. वस्तीतली माणसे आली आणि आधी लांब उभी राहिली. आक्का स्वतः जाऊन येसबाला हाताला धरून घेऊन आली आणि तिने त्याला दोरकऱ्याच्या जागेवर बसवले. त्याच्यामागोमाग त्याची लेकरे-नातवंडे आली, शेजारपाजारी आले. गावातली काही बडी मंडळी नाक मुरडून कडेला उभीच राहिली. पण उभ्या माणसांमुळे मागच्यांना दिसेना. "बसा की वं, आमास्नी दिसू द्या," म्हणून मागून ओरडा सुरू झाला आणि एकेक जण जिथे जागा मिळेल तिथे टेकला. कुणाशेजारी टेकलो हे बघायला फुरसत राहिली नाही. इनामदार सगळ्यात शेवटी आले. त्यांची खुर्ची मांडली गेली आणि मागे माणूस मोठी काळी छत्री धरून उभा राहिला.

घोडी नाचली, विदूषक पडला-धडपडला, लोक पोट धरून हसले. मग आक्काने काष्टा घट्ट केला आणि ती खांबावर चढली.

वर गेल्यावर वारे काय आहे ते तिला कळले. खांब करकरत होते. समोर सिद्राम उलटा लोंबकळत होता आणि त्याचा झुला सरळ न येता तिरपा येत होता. तिने पहिला झोका घेतला, हात सोडायची वेळ आली आणि तिने सोडले नाहीत. ती तशीच परत आली. खालून एक उसासा निघाला. दुसरा झोका घेतला, तोही तसाच. इनामदारांच्या कडेला कुणीतरी हसले, ते तिला वरपर्यंत ऐकू आले.

तेव्हा तिने येसबाकडे पाहिले. सारा माळ तिच्याकडे बघत होता आणि म्हातारा तिच्याकडे बघतच नव्हता. तो दोराकडे बघत होता. जिथे दोर खांबाला बांधला होता त्या गाठीवर त्याची नजर खिळली होती आणि त्याचे दोन्ही हात आपोआप हलत होते, अजून वळत असल्यासारखे. आक्काच्या मनातली आई त्या क्षणी पडायची थांबली, असे तातोबा सांगतो.

तिने तिसरा झोका घेतला आणि हात सोडले.

वाऱ्याने तिला बाजूला ढकलले. सिद्रामने अंग पिळून हात टाकला आणि त्याच्या एका हातात तिचे एक मनगट आले. दोघेही त्या झुल्यासकट रिंगणाबाहेर, बसलेल्या माणसांच्या डोक्यांवरून गेली. इनामदारांच्या थेट माथ्यावर.

वरून आक्काला खाली हजारो तोंडे दिसली, सगळी वर केलेली. त्यांत एकच जागा काळी होती. एवढ्या माळावर छत एकच उरले होते आणि त्याखाली बसलेल्या माणसाला काहीएक दिसत नव्हते. झुला मागे गेला, पुन्हा आला. लोकांचा आरडाओरडा टिपेला पोचला होता. आणि तिच्या डोळ्यांदेखत इनामदारांनी हात उंचावला, छत्री धरणाऱ्याच्या हातातून छत्री हिसकली आणि मिटली. खाली बाकीच्यांसारखेच एक तोंड उघडे पडले, आ वासलेले.

त्यानंतर टाळ्या किती वाजल्या ते सांगण्यात अर्थ नाही. खाली उतरल्यावर आक्का येसबाच्या पायाशी भुशात बसून राहिली. सिद्रामचा खांदा उखडला होता, तो पुढे कधी नीट बसला नाही.

सकाळी इनामदारांची गाडी तंबू परत घेऊन आली. निरोप काही नव्हता. आक्काने गाडी उतरवूनच घेतली नाही, तशीच वस्तीकडे वळवली. भागीरथीचे टाके उसवून शिडाचे तुकडे घरोघर छपरांवर घातले गेले आणि त्या पावसाळ्यात वस्ती कोरडी राहिली म्हणे. कंपनीने नवा तंबू करायला बराच काळ घेतला. पण तो झाल्यावरही, धावडखिंडीत पहिल्या खेळाला आपण छत चढवणार नाही, असे तिने जोखाईपुढे भंडारा उचलून सांगितले. माळगे सर्कस पुढे बंद पडली, दुसऱ्या कंपन्या आल्या. गावाने ते बोलणे त्यांच्याही गळ्यात घातले.

आजही पहिला खेळ बिनछताचा होतो. दोर आता नायलॉनचे, कारखान्यातून येतात. तरी दोरकऱ्याच्या जागेवर येसबाच्या वस्तीतलेच माणूस बसते. आणि आजही त्या खेळाला माळावर कुणी छत्री उघडत नाही, मग वळीव येवो नाहीतर गारा पडोत.

गेल्या जत्रेला एक मंत्री आले होते. पुढच्या रांगेत सोफा टाकला होता. झुल्याचा खेळ करणारी मुलगी वर चढली आणि वळवाचे टपोरे थेंब सुरू झाले. मंत्र्यांच्या माणसाने लगबगीने छत्री उघडली. वरची मुलगी झुला धरून थांबली. बँड थांबला. मंत्री इकडे तिकडे बघू लागले, तेव्हा दोरकऱ्याच्या जागेवर बसलेली येसबाची पणती, शेवंताबाई, भिजलेला पदर सावरत म्हणाली, "सायेब, तेवढी छत्री मिटा. तिला खाली समदी तोंडं दिसाय पायजेत."

पाऊस वाढला होता. मंत्र्यांनी क्षणभर वाट पाहिली की कुणीतरी त्या बाईला गप्प करील. कुणी हलले नाही. सगळा माळ भिजत बसून होता. मग छत्री मिटली आणि मुलीने हात सोडले.