ओवाळणी कुणाला?

आबांनी मारलेले बिबटे मोजायचे, पण त्यांना प्रश्न विचारायचे नाहीत, असा आमच्या घराचा नियम होता. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. गावाच्या शेळ्या वाचवायला ते शिकार करत, आणि ते निघाले की घरातल्या मुलीने बंदुकीला ओवाळायचे.

बाराव्या बिबट्याच्या दिवशी ताट माझ्या हातात होते. आमिष म्हणून बांधायला गड्याने ठकूबाई धनगरणीची शेवटची शेळी ओढत आणली होती. मागोमाग ठकूबाई आली.

"मालक, हिच्या दुधावर नातू जगतोय."

"अगं, तुमच्याचसाठी जिवावर उदार होतो ना?" आबा म्हणाले. "अकरा लोळवले. यशस्वी शिकारी आणखी कसा असतो?"

ओसरीवरच्या वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या. मी ठकूबाईला विचारले, "बिबट्याने तुमच्या किती शेळ्या नेल्या?"

"दोन, ताई."

"आणि आमच्या आमिषाला किती गेल्या?"

ती खाली बघत म्हणाली, "पाच."

"कॉलेजात जाऊन जीभ लांब झालीय," काकू पुटपुटल्या. "मुकाट्याने ओवाळ."

"ओवाळते की. शेळ्या वाचवण्यावरच यश मोजायचं, तर आबांपेक्षा बिबट्या सरस. त्याला बोलवा, त्याला ओवाळते. बंदुकीला ओवाळणार नाही."

मी ताट खाली ठेवले आणि गड्याच्या हातातले दावे ठकूबाईच्या हातात दिले. ती शेळी घेऊन फाटकाबाहेर गेली.