आरसा अलीकडे, कढई पलीकडे

फार वर्षांपूर्वी एका ओढ्याच्या दोन काठांवर गणरायाच्या उंदरांची दोन राज्यं होती. मोदक तळायचे की उकडायचे, या भांडणात एका राज्याची दोन झालेली. तेव्हापासून बोलणं नाही की देणंघेणं नाही.

एका चतुर्थीला रात्रीच्या पावसाने दोन्ही काठांवरचं सगळं सरपण भिजलं. तळणीकरांच्या राणीने, यमुनाबाईने, नव्या तऱ्हेची सूर्यचूल आणवली. तिचा भलामोठा आरसा ऊन गोळा करी. पण कितीही फिरवला तरी ते ऊन पडे नेमकं पलीकडच्या काठावर! कढई गारच.

“दुपारच्या आरतीला नैवेद्य नसला, तर बाप्पाला काय तोंड दाखवू?” यमुनाबाई रडकुंडीला आली.

तेवढ्यात पलीकडून उकडीकरांची राणी वेणूबाई ओरडली, “अहो बाई, तुमच्या उन्हाने माझी शेपटी भाजली! आता आरसा हलवू नका, मी मोदकपात्र आणते.”

“आरसा आमचा! मोदक तळलेलेच होतील!”

“मग तळा की तिकडेच.”

यमुनाबाईने नाक मुरडत कढई पलीकडे पाठवली. ती आरसा धरून बसली, वेणूबाईने आधी उकडले, मग तळले.

आरतीनंतर यमुनाबाईने उकडीचा मोदक चाखला.

“छे! आमच्यासारखा नाही,” म्हणत तिने चौथा उचलला.