पंतांच्या कॉम्प्युटरची घरघर

"...तर चाचा, स्ट्रीमर घेऊ, की घरचा कॉम्प्युटरच राहू दे?"

हा प्रश्न पोंक्षे पंतांनी त्या आठवड्यात तिसऱ्यांदा विचारला. मी चाचांच्या कारखान्यात कोपऱ्यात बसून तानपुऱ्याच्या भोपळ्याला पॉलिश लावत होतो. मला तर तो पाठ झाला होता.

दस्तगीरचाचांनी मान वर केली नाही. ते तानपुऱ्याच्या तारेखाली दोरा सरकवत होते. दोरा केसभर इकडे गेला की तार झणझणते, केसभर तिकडे गेला की बसते. यालाच जवारी लावणं म्हणतात. आमच्या मिरजेत जवारी लावणारे पुष्कळ आहेत, पण चाचांसारखा कान दुसऱ्या कुणाला नाही. म्हणून त्यांच्याकडे वाद्यं येतात, आणि नुसतं ऐकायला शिकावं म्हणून माणसंही येतात. पंत वीस वर्षं येत होते.

"काय फरक असतो दोघांत?" चाचांनी विचारलं.

विचारायचीच खोटी! पंत सांगलीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी तासच घेतला. म्हणाले, कॉम्प्युटर म्हणजे शंभर भानगडी करणारा गडी. विजेचं बिल तोच भरतो, पुण्याच्या नातीशी तोच बोलणं करून देतो, आणि आलाप रंगात आला की 'पासवर्ड बदला' म्हणून तोच मध्ये टिंग करतो. वर त्याचा पंखा. स्ट्रीमर म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी काळी पेटी. इंटरनेटवरचं नाहीतर पेनड्राइव्हवरचं गाणं वाजवायचं, दुसरं काही करायचं नाही. पंखा नाही, घरघर नाही. एकनिष्ठ म्हणतात तो प्रकार.

"मग घ्या की."

पंत घुटमळले.

"नाहीतर पंखाच साफ करून घेतो. धूळ बसून फार घरघरायला लागलाय. उद्या माणूस बोलावतो."

चाचांचा हात थांबला. "उद्याच?"

"का हो?"

"काही नाही." आणि ते परत दोऱ्याकडे वळले.

पंत जळत होते. सरळ सांगतो, उगाच शब्द फिरवण्यात अर्थ नाही. दुखणं कॉम्प्युटरचं नव्हतंच.

आठ दिवसांवर बरसी होती. चाचांचे उस्ताद नजीबखाँ जाऊन पंचेचाळीस वर्षं झाली. त्यांचं एकच रेकॉर्डिंग उरलंय, इथल्याच एका बैठकीचं, चाळीस मिनिटांचं. नऊ वर्षांपूर्वी त्याची जुनी फीत पंतांनी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. तेव्हापासून दर बरसीला चाचा पंतांच्या घरी जायचे, पाटावर बसायचे, डोळे मिटून ते रेकॉर्डिंग ऐकायचे आणि न बोलता निघून यायचे. पंतांना त्या दिवसाचं वर्षभर पुरायचं. रस्त्यात भेटेल त्याला सांगायचे, परवा चाचा आमच्याकडे आले होते.

या वर्षी मालगावचा आबा शिंगटे मध्ये आला. द्राक्षबागेतला माणूस, चार वर्षांचा शिष्य, बोलणं रांगडं, पण कानाचा तयार. त्याला मेहुण्यानं दुबईहून स्ट्रीमर पाठवला. गेल्या गुरुवारी तो चाचांच्या पाया पडला आणि म्हणाला, चाचा, ह्या टायमाला बरसी माझ्या घरात होऊ दे. चाचा म्हणाले, "बघू रे आबा."

पंतांच्या काळजात बरसीपेक्षाही तो 'रे' रुतला.

तेवढ्यासाठी ते मला दुसऱ्या दिवशी बाहेर चहाला घेऊन गेले होते. म्हणाले, "इलाही, मी वीस वर्षं येतोय. मला अजून 'अहो'. तो काल आला, आणि त्याला 'अरे'?" मी म्हटलं, मला जन्मापासून 'अरे' म्हणतात, त्यात शिव्याही येतात. पंतांना काही हसू आलं नाही. त्यांचा चहा तसाच निवला.

तर त्या दिवशी चाचांनी दोरा बसवला, तार छेडली आणि विचारलं, "आबानं कुठला घेतलाय?"

पंतांनी कंपनीचं नाव सांगितलं. सांगताना त्यांचा हात कानाच्या पाळीला लागला.

आमच्यात उस्तादाचं नाव घेताना कानाला हात लावतात. चाचा लावतात, मी लावतो, वीस वर्षांत पंतांनाही सवय लागलेली. पण पेटीच्या कंपनीसाठी कानाला हात लावणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी भोपळ्याआड तोंड लपवलं.

पंतांच्या लक्षात आलं. कानापर्यंत लाल झाले बिचारे.

चाचा मात्र हसले नाहीत. म्हणाले, "जाऊन ऐकून या."

"कुठं? त्याच्याकडे?"

"आपलंच रेकॉर्डिंग लावायला सांगा. मग सांगा मला, काय घ्यायचं ते."

ते रेकॉर्डिंगही पंतांनीच आबाला पेनड्राइव्हवर घालून दिलेलं. मागं एकदा मोठ्या मनानं दिलं होतं, आणि आता ते मन त्यांना परत हवं होतं. तोंड कडू करून ते उठले.

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपतात न आटोपतात तोच पंत हजर. मालगावाहून थेट आले होते, चपला एकीकडे एक, दुसरीकडे दुसरी. चेहरा असा फुललेला की मला वाटलं, आबाचा स्ट्रीमर जळाला की काय.

"चाचा, तुम्ही बरसीला तिकडे जाऊ नका," ते म्हणाले. "त्या पेटीनं तानपुरा खाल्लाय."

"बसा. पाणी घ्या."

पंत पाणी न पिताच बोलत सुटले. आबानं पेटी काळ्या फरशीवर ठेवलीय, वर क्रोशाचा रुमाल घातलाय, उदबत्तीसुद्धा लावली होती म्हणे. खोलीत चिडीचूप. उस्तादांचा आवाज लागला तो अगदी समोर बसल्यासारखा. आपल्या कॉम्प्युटरवर असा कधी लागला नव्हता, हेही पंतांनी कबूल केलं. मग त्यांनी कान टवकारून दोष शोधायला सुरुवात केली, आणि सापडला की! आवाजाच्या खाली काहीच नव्हतं. उस्ताद सूर सोडतात, आणि तो सोडलेला सूर कुठं जाऊन बसतच नाही. तानपुरा नाहीच.

"आबाच्या लक्षात आलं?" चाचांनी विचारलं.

"छे! तो डोळे पुसत होता." हे सांगताना पंतांच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं. मला ते आवडलं नाही.

"आणि तुमच्याकडे? तुमच्या कॉम्प्युटरवर येतो तानपुरा?"

"येतो म्हणजे? खोलीभर गुंजतो, चाचा. तुम्ही नऊ वर्षं ऐकताय."

"काळी एकला."

"अगदी काळी एकला. उस्तादांच्या षड्जावर."

"गाणं संपतं... त्यानंतरही थोडा वेळ गुंजतो. नाही?"

"हो, त्यानंतरही..."

पंत थांबले.

बाहेर कुणीतरी लाकूड तासत होतं.

"नंतर कसा गुंजेल?" पंत स्वतःशीच म्हणाले.

चाचांनी समोरचा तानपुरा मांडीवर घेतला, तोच, ज्याची जवारी काल लावली होती. चारी तारा एकदा छेडल्या. खोली भरून निघाली. मग त्यांनी एकेका तारेखालचा दोरा नखानं ओढून काढला आणि तारा परत छेडल्या.

टण... टण... टण... ढप.

"झाला साफ," चाचा म्हणाले.

पंतांना समजलं. मला त्यांच्या चेहऱ्यावरून समजलं की त्यांना समजलं. नऊ वर्षांपूर्वी फीत उतरवून घेतली तेव्हा तिच्यात खूप खरखर होती. पंत हुशार माणूस. त्यांनी कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम लावून ती खरखर धुऊन काढली होती, आणि महिनाभर ज्याला त्याला सांगत होते की फीत मी धुतली, लख्ख केली.

"मी प्रोग्रॅमला सांगितलं होतं," पंत हळूहळू बोलू लागले, "की जे मागं एकसारखं चालू असतं, ते काढून टाक."

"तानपुरा दुसरं काय करतो, पंत?"

"म्हणजे मीच... आणि आपल्याला ऐकू येत होता तो..."

पुढचा शब्द त्यांना उच्चारवेना. मीच मनात उच्चारला. धुळीनं माखलेला पंखा. उस्तादांच्या मागं बसून नऊ वर्षं तो कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता, आणि एवढं ध्वनिशास्त्र शिकवलेले पंत त्याला तानपुरा समजून माना डोलवत होते. आबाच्या पेटीनं काही खाल्लं नव्हतं. तिनं फक्त खाल्लेलं दाखवलं.

"मूळ फीत?" पंतांनी माझ्याकडे पाहून विचारलं. "ती आहे ना? मी परत उतरवतो. जशी आहे तशी."

फीत आमच्या ट्रंकेत होती, पावसाळ्यात बुरशी चढली, हातात घेतली की तुकडे पडायचे. सहा वर्षं झाली टाकून. हे मलाच सांगावं लागलं. काल भोपळ्याआड हसलो होतो, त्याची लाज वाटली.

पंतांनी एकदम मान वर केली. चाचांना आजवर कुणी विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं.

"त्या बैठकीत तानपुऱ्यावर कोण होतं, चाचा?"

चाचांनी काढलेले दोरे तळहातावर घेतले होते. ते एकेक करून सरळ करत होते.

"मी."

पंतांचा हात कानाकडे गेला. या वेळी नाव कुणाचंच घेतलेलं नव्हतं. पाळी त्यांनी धरली ती धरलीच, शाळेतलं पोर धरतं तशी.

मला तर रडूच आलं. उस्तादांच्या मागं तेविशीतला दस्तगीर बसला होता, आयुष्यात एकदाच त्याचा हात कुठं तरी उरला होता, आणि तो हात या माणसानं कचरा म्हणून धुऊन टाकला. आणि चाचा दर वर्षी त्याच माणसाच्या घरी जाऊन पाटावर बसायचे. मी एवढा चाचांच्या हाताखाली वाढलो, पण मलाही त्यांनी हे कधी एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

"पहिल्याच बरसीला तुमच्या लक्षात आलं असेल," पंत म्हणाले. "मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही पेढे आणले होते."

पंतांनी उपरण्यानं डोळे पुसले, चष्मा पुसला, परत डोळे पुसले. मग म्हणाले की बरसी आबाकडेच होऊ द्या. त्याच्या पेटीवर उस्तादांचा आवाज खरंच छान लागतो, मी खोड काढायलाच गेलो होतो, नाहीतर मीही रडलो असतो. आबाला मीच फोन करून सांगतो. माझ्याकडे यायला आता तुम्हाला मी कोणत्या तोंडानं सांगू? हे बोलताना प्रत्येक शब्द त्यांना आतून सोलत होता. आबाचा हेवा काही गेला नव्हता. हेवा असा एका दुपारीत जात नाही. पण ते बोलले.

चाचांनी तारांखाली दोरे परत घालायला घेतले. पहिला बसला, दुसरा बसला. खर्जाच्या तारेला वेळ लागला. ती झणझणली तेव्हा त्यांनी पंतांकडे पाहिलं.

"आबाकडे फार शांत आहे," ते म्हणाले. "मला तिथं माझी जागा सापडायची नाही."

पंतांनी उपरणं खांद्यावर टाकलं. ते उठले. चपला शोधायला लागले, एकीकडे एक, दुसरीकडे दुसरी. उंबऱ्यापर्यंत पोचले असतील.

"विद्याधर."

पंत वळले. हे नाव आमच्या कारखान्यात वीस वर्षांत कुणी घेतलं नव्हतं.

"बरसीला येतो मी... पंखा तेवढा पुसू नकोस."